दहा सेकंदांची खोटी आग

काही वर्षांपूर्वी एका माहितीपटासाठी दहा सेकंदांचा एक शॉट माझ्या वाट्याला आला. मनोऱ्याला जखडलेलं रॉकेटचं इंजिन पेटतं, गरजतं आणि बंद होतं, एवढंच. आठवडाभर रात्री जागवून मी ज्वाळा तयार केली. पिवळीधमक, लवलवती, कडेने ठिणग्या उडवणारी. आमच्या सुपरवायझरांनी ती दोनदा चालवून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भुईनळा झकास जमलाय. आता इंजिन करा."

शब्द लागला, पण बरोबर होता. व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर घडवलेली खोटी दृश्यं, शिकणारी बहुतेक मुलं पहिल्यांदा इंजिन करायला बसतात तेव्हा भुईनळाच करतात. आग म्हटली की आपल्या डोळ्यापुढे होळी येते, चूल येते, दिवाळी येते. इंजिनाच्या तोंडून जे बाहेर पडतं त्याचं या तिन्हींशी फारसं नातं नाही.

होळीची ज्वाळा वर जाते, कारण तापलेली हवा हलकी होते आणि आजूबाजूची थंड हवा तिला वर ढकलते. हा सगळा कारभार सेकंदाला काही मीटर वेगाने चालतो, म्हणून तर ज्वाळेच्या जिभा आपल्याला दिसतात. रॉकेट इंजिनात जळण्याचं बहुतेक काम आतल्या कोठीतच उरकलेलं असतं. बाहेर येतो तो जळून झालेला, प्रचंड दाबाखालून सुटलेला वायू. तो आग कमी आणि फवारा जास्त. अंगणात पाणी मारताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी ताठ सुटते, तसा. त्याला वरखाली काही कळत नाही, तोंड जिकडे असेल तिकडे तो जातो.

तेव्हा सॉफ्टवेअर उघडायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे टाकीत काय आहे.

रॉकेल असेल तर काम त्यातल्या त्यात सोपं. रॉकेटवाले ज्याला आरपी-१ म्हणतात ते म्हणजे खूप शुद्ध केलेलं रॉकेलच. त्याच्या वायूत काजळीचे कण असतात आणि ते तापून पिवळे-नारिंगी झळकतात, कंदिलाच्या ज्योतीत झळकतात तसेच. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ च्या एफ-१ इंजिनात आणखी एक गंमत होती. इंधनाचे पंप चालवणारं टर्बाइन फिरवून झालेला, मानाने थंड आणि काजळीने भरलेला वायू नॉझलच्या, म्हणजे इंजिनाच्या घंटेसारख्या तोंडाच्या, खालच्या भागात भिंतीलगत सोडला जाई, भिंतीला आच लागू नये म्हणून. त्यामुळे नॉझलच्या खाली आधी एक काळपट पट्टा दिसतो आणि डोळे दिपवणारी ज्वाळा त्याच्याही खाली सुरू होते. जुन्या चित्रफिती मन लावून पाहिलेल्या माणसाला तो पट्टा नसलेलं एफ-१ दाखवून बघा, तो लगेच पकडेल.

घन इंधनाच्या बूस्टरमध्ये, म्हणजे उड्डाणाला जोर देणाऱ्या जोडरॉकेटमध्ये, ॲल्युमिनियमची पूड असते. त्याचा धूर पांढरा, दाट, आरपार काही न दिसणारा. मिथेनची ज्वाळा निळी-जांभळी आणि जवळजवळ बिनकाजळीची. आपल्या पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात असतं त्या विकास इंजिनाची फिकट, पाण्यासारखी. पण त्यात ऑक्सिजन पुरवणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडची वाफ तांबूस-तपकिरी असते. इंजिन चालू होताना तो रंग क्षणभर कडेला डोकावला तर जाणकार खूश होतात.

माझ्या शॉटमधलं इंजिन होतं आरएस-२५. स्पेस शटलला अशी तीन असत, आता नासाच्या एसएलएस रॉकेटला चार असतात. त्याच्या चाचण्या अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात स्टेनिस केंद्रावर होतात, ए-१ नावाच्या मनोऱ्यावर. अपोलो-१३ वर गेलेल्या फ्रेड हेस यांचं नाव २०२० मध्ये या मनोऱ्याला दिलं. पूर्ण लांबीची चाचणी साधारण ५०० सेकंद चालते, कारण खऱ्या उड्डाणातही इंजिनाला जवळपास तेवढंच जळायचं असतं. आणि या इंजिनाच्या टाक्यांत असतो द्रवरूप हायड्रोजन आणि द्रवरूप ऑक्सिजन.

म्हणजे मी काय करून ठेवलं होतं ते बघा. हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, मग काजळी येणार कुठून? आणि काजळी नाही तर तो पिवळाधमक रंग तरी कुठून? भर उन्हात आरएस-२५ ची ज्वाळा जेमतेम दिसते. फिकट निळसर, काचेसारखी, पलीकडचा मनोऱ्याचा सांगाडा तिच्यातून थरथरताना दिसतो. घरच्या गॅसची निळी ज्योत दुपारच्या उन्हात अंगणात नेली तर कशी दिसेल, तसं काहीसं.

या इंजिनातून बाहेर पडते ती मुख्यत्वे पाण्याची वाफ. दर सेकंदाला साधारण ५१० किलो इंधन आणि ऑक्सिजन आत जातो, आणि त्यातून जवळपास अर्धा टन पाणी वाफेच्या रूपात बाहेर येतं. ५०० सेकंदांच्या चाचणीत २५० टन झालं. आपल्याकडे उन्हाळ्यात सोसायटीत येतो तसे दहा हजार लिटरचे २५ टँकर! हायड्रोजन आणि ऑक्सिजन पूर्ण जुळवायचे तर १ किलो हायड्रोजनला ८ किलो ऑक्सिजन लागतो. इथे मुद्दाम ६ च देतात. थोडा हायड्रोजन न जळता उरतो, वायू हलका राहतो आणि हलका वायू जास्त वेगाने सुटतो. हा उरलेला हायड्रोजन लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

आता या फवाऱ्यातली सगळ्यात देखणी गोष्ट. नॉझलच्या खाली वायूत एकाखाली एक चमकते मणी दिसतात. इंग्रजीत त्यांना हिरे म्हणतात, माखचे हिरे. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांच्यावरून. ते का दिसतात हे समजलं नाही तर ते बनवताही येत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबू.

आरएस-२५ जमिनीवर पेटतं आणि अवकाशातही तेच चालू राहतं. हवा नसलेल्या जागी चांगलं काम व्हावं म्हणून त्याचं नॉझल खूप पसरट केलेलं आहे. त्याच्या गळ्याच्या क्षेत्रफळापेक्षा तोंडाचं क्षेत्रफळ ६९ पट. वायू या पसरट नॉझलमधून येता येता इतका फुलतो, की तोंडाशी येईपर्यंत त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला असतो. बाहेर पडल्या पडल्या हवा त्याला सगळीकडून आवळते. वायू ध्वनीपेक्षा कितीतरी पट वेगात आहे, त्यामुळे तो हळूच आवळला जात नाही. धक्क्याच्या लाटा तयार होतात, तिरप्या आत जातात आणि मध्यावर भेटतात. तिथे दाब आणि तापमान एकदम चढतं, तो उरलेला हायड्रोजन पेटतो, आणि चमक दिसते. पण आता वायू प्रमाणाबाहेर आवळला गेलेला असतो. तो पुन्हा फुलतो, जास्तच फुलतो, हवा पुन्हा आवळते. खाटेच्या स्प्रिंगवर मूल एकदा उडालं की लगेच शांत होत नाही, तसंच. दर खेपेला कडेची हवा मिसळत जाते, म्हणून खालचे मणी फिकट होत होत विरून जातात.

यातून शॉटसाठी दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली, जमिनीवरच्या चाचणीत हा फवारा नॉझलच्या ओठाशी थोडा आत ओढला गेला पाहिजे. तो फुलपात्रासारखा बाहेर पसरलेला दाखवला तर ते इंजिन जमिनीवर नसून खूप उंचावर आहे असा अर्थ होतो. दुसरी, मणी फवाऱ्याबरोबर खाली वाहत नाहीत. वायू त्यांच्यातून धावतो, ते जागच्या जागी उभे राहतात. नदीतल्या खडकामागे पाणी वळसा घेतं, तो वळसा कुठे वाहून जातो का? मी मात्र पहिल्या खेपेला मणी खाली धावताना दाखवले होते. रेल्वे फलाटावर धावत्या दिव्यांची पाटी असते ना, थेट तशी.

नॉझल फारच पसरट असेल तर जमिनीवर पेटवणंच अवघड होतं. इस्रोच्या सीई-२० इंजिनाचं उदाहरण घ्या. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने गेलं, त्याच्या वरच्या टप्प्यात हे असतं. त्याचं क्षेत्रफळाचं प्रमाण १००, आणि तोंडाशी वायूचा दाब साधारण ५० मिलिबार, म्हणजे आपल्या हवेच्या विसाव्या भागाइतका. बाहेरची हवा मग नॉझलच्या आतच घुसते, वायू भिंतीपासून सुटतो आणि नॉझल हादरू लागतं. म्हणून पूर्ण नॉझलसकट त्याची चाचणी हवा काढून घेतलेल्या खास सोयीत करावी लागे. २९ नोव्हेंबर २०२४ ला तमिळनाडूत महेंद्रगिरीला इस्रोने नॉझलला संरक्षण देणारी वेगळी यंत्रणा जोडून ते समुद्रसपाटीच्या दाबात पेटवून दाखवलं. कोणी तुम्हाला सीई-२० उघड्यावर पेटवलेलं करायला सांगितलं तर आधी विचारा, ती यंत्रणा चित्रात आहे की नाही.

एवढं सगळं समजल्यावर मला वाटलं, आता काय, सॉफ्टवेअरला आकडे द्यायचे की मणी आपोआप येतील. नाही येत. आणि का नाही येत हे मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा एक महिना वाचला असता.

हुडिनी घ्या, ब्लेंडर घ्या, आम्ही धूर-आगीसाठी वापरतो ती बहुतेक सगळी यंत्रणा एका गृहीतकावर उभी आहे. ते असं की वायू दाबला जात नाही. एका चौकटीत जेवढा आला तेवढाच तिच्यातून बाहेर गेला पाहिजे. अगरबत्तीच्या धुरापासून जंगलातल्या वणव्यापर्यंत हे गृहीतक छान चालतं, आणि त्यामुळे गणित कितीतरी स्वस्त होतं. १९९९ मध्ये संगणक-चित्रांचे संशोधक जॉस स्टॅम यांनी हे गणित कितीही मोठ्या पावलांनी चालवलं तरी कोसळणार नाही अशी एक रीत मांडली. घरच्या संगणकावर धूर करणं शक्य झालं त्यात तिचा वाटा मोठा आहे. पण धक्क्याची लाट म्हणजेच वायू दाबला जाणं. ज्या जगात वायू दाबलाच जात नाही, तिथे मणी जन्माला येणार कसे?

दाबला जाणारा वायू धरून गणित करतात, पण ते अभियंते. नासाच्या एम्स केंद्रात उड्डाणतळावर ज्वाळा आणि दाबाच्या लाटा कशा पसरतील याचं गणित महासंगणकावर करतात. त्यांना आकडा हवा असतो, चित्र त्याबरोबर फुकट मिळतं. आम्हाला चित्र हवं असतं आणि तेही शुक्रवारपर्यंत. म्हणून आमच्या धंद्यात मणी हाताने घडवतात.

तो घडवायचा प्रकार अगदी कुंभारकामाचा आहे. फवाऱ्याची अर्धी बाह्यरेषा काढायची, ती अक्षाभोवती फिरवायची, की लेथवर कातलेल्या खांबासारखा आकार मिळतो. ओठाशी किंचित आत, मग फुगवटा, मग कंबर, मग थोडा लहान फुगवटा. त्या आकाराच्या पोटात प्रकाश भरायचा. कंबरेशी प्रकाश जास्त, फुगवट्यात कमी, खाली जाताना सगळंच मंद. आरएस-२५ च्या तोंडाचा व्यास साधारण २.३ मीटर आहे, त्यावरून बाकीची मापं बेतायची आणि खऱ्या चाचणीचा फोटो शेजारी उघडा ठेवून रेष जुळवत बसायचं. एक दुपार जाते, पण निकाल लागतो.

हालचालीचं काय? इथे कॅमेरा आपल्या मदतीला येतो, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम चालतो आणि एका फ्रेमसाठी कॅमेऱ्यातला पडदा, म्हणजे शटर, साधारण एक अठ्ठेचाळीसांश सेकंद उघडा असतो. आरएस-२५ चा वायू सेकंदाला ४ किलोमीटरच्या आसपास धावतो. म्हणजे पडदा एकदा उघडून मिटेपर्यंत वायू ८० मीटर पुढे गेलेला असतो! चित्रात दिसणारा फवारा मात्र पंधरा-वीस मीटरचा. एका फ्रेममध्ये तो चार-पाच वेळा नवा होतो, आणि पुढच्या फ्रेममध्ये आधीच्या वायूचा टिपूसही उरलेला नसतो. त्यामुळे नॉझलजवळ वाहण्याची हालचाल दिसतच नाही, दिसते ती सरासरी. जवळजवळ स्थिर आकार, त्यात नुसती थरथर.

थोडक्यात, फवाऱ्याचं भौतिक गणित न करणं हेच इथे भौतिकशास्त्राला धरून आहे. आकार स्थिर ठेवायचा, त्यावर उभ्या रेघांचा बारीक पोत टाकायचा आणि तो पोत दर फ्रेमला सरळ बदलून टाकायचा. आधीच्याचा पुढच्याशी संबंध ठेवायचा नाही. वर एकूण उजेडात किंचित चढउतार. पोत जर ओळखू येईल असा खाली सरकताना दिसला, तर वायूचा वेग किलोमीटरवरून मीटरवर येतो आणि भुईनळा परत हजर होतो. दिग्दर्शकाला सेकंदाला दोन-चार हजार फ्रेमवाला स्लो मोशन हवा असेल तर मात्र हे सगळं उलटतं, कारण तेव्हा कडेचे भोवरे खरोखर दिसायला लागतात. म्हणून कॅमेऱ्याचा वेग काय ते कामाच्या आधी लेखी घ्या.

नॉझलबद्दल एक तक्रार. ते लालबुंद दाखवायची फार हौस असते. आरएस-२५ चं नॉझल लाल होत नाही. त्याची भिंत म्हणजे शेजारी शेजारी जोडलेल्या १,०८० बारीक नळ्या आहेत आणि त्यांच्यातून थंडगार हायड्रोजन खेळवलेला असतो. द्रव हायड्रोजन असतो उणे २५३ अंशांवर. आत ३,००० अंशांच्या वरची धग निर्माण करणारं इंजिन आणि बाहेरून नॉझलवर पांढरं दव गोठलेलं. नासाने एका छोट्या हायड्रोजन इंजिनाची अगदी कमी ताकदीवर चाचणी घेतली, तेव्हा त्याच्या नॉझलच्या काठाला चक्क बर्फाचे सुळके लोंबत होते आणि मधून ज्वाळा चालू होती. हे दृश्य कोणी कल्पनेने केलं असतं तर आम्हीच त्याला परत पाठवलं असतं. लालबुंद होणारी नॉझलं असतात, नाही असं नाही. फाल्कन-९ च्या वरच्या टप्प्याचं नायोबियमच्या मिश्रधातूचं नॉझल अवकाशात मस्त तांबडं दिसतं. पण ते तिथे.

पेटण्याचा क्षण लहान, पण प्रेक्षक तोच बघतो. बटण दाबलं आणि पूर्ण ज्वाळा, असं होत नाही. आरएस-२५ ला पूर्ण ताकदीवर यायला साडेचार-पाच सेकंद लागतात. आधी हायड्रोजनची झडप उघडते, आत ठिणगीने पेट घेतला जातो, मग ऑक्सिजन टप्प्याटप्प्याने. सुरुवातीला तोंडाशी एक विस्कळीत, पिवळट-तांबूस, भरकटलेली ज्वाळा दिसते. तेवढा वेळ दाब कमी असल्याने वायू नॉझलच्या आत एकदा या भिंतीला तर एकदा त्या भिंतीला सोडतो, आणि अख्खं नॉझल डोळ्याला दिसेल इतकं डुलतं. मग एकाएकी सगळं आवळलं जातं, निळसर सुळका तयार होतो, मणी उभे राहतात. हा डुलण्याचा भाग मी शेवटच्या आवृत्तीत घातला. दीड सेकंदाचं काम, पण शॉट तिथे जिवंत झाला. शटलच्या उड्डाणात इंजिनांखाली ठिणग्यांची कारंजी उडताना पाहून अनेक जण समजतात की इंजिन त्यांनीच पेटायचं. ती साचलेला हायड्रोजन जाळून टाकायला असत. रॉकेलच्या काही इंजिनांत पेटताना हिरवी चमक दिसते, ती पेटवायच्या रसायनातल्या बोरॉनची.

आता ढग. फवाऱ्याचं गणित करायचं नाही म्हटलं, ढगाचं मात्र करावंच लागतं. मनोऱ्याखाली वाकडी पोलादी घसरगुंडी असते, ती ज्वाळेला आडवं वळवते. तिच्यावर पाण्याचा मारा चालू असतो, नाहीतर ती टिकणार नाही. तिथून जो पांढरा डोंगर बाहेर लोटतो, त्यात इंजिनाची स्वतःची वाफ आणि उकळून उडालेलं पाणी दोन्ही आलं.

हा धूर नाही, वाफ आहे, हे पहिल्या फ्रेमपासून दिसलं पाहिजे. घरच्या कुकरसमोर पाच मिनिटं उभे राहा. शिट्टी होते तेव्हा अगदी तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते. तिथे खरी वाफ असते आणि ती दिसत नाही. जरा पुढे ती गार होते, बारीक थेंब होतात, तेव्हा पांढरं दिसू लागतं. आणि आणखी पुढे थेंब हवेत सुकले की पांढरं नाहीसं होतं. धूर कडेला विरळ होत जातो पण मरत नाही, तासाभराने खोलीत वास तरी राहतो. वाफ कडेला ठसठशीत असते आणि मग एकदम नसते. म्हणून घसरगुंडीच्या तोंडाशी थोडी पारदर्शक जागा सोडायची, मग पांढरं सुरू करायचं, आणि ठरावीक वय झालेल्या वाफेची घनता भराभर शून्यावर आणायची. हे तिसरं केलं नाही तर शॉट संपेपर्यंत पडदा कापसाने भरतो.

पांढरेपणाचंही एक शास्त्र आहे. पाण्याचे थेंब प्रकाश जवळपास खातच नाहीत, नुसता इकडून तिकडे टोलवतात. ढगात शिरलेला किरण शेकडो टोले खाऊन बाहेर पडतो, म्हणून ढगाच्या सावलीतही उजेड असतो. संगणकाला दोन-तीन टोल्यांवर थांबवलं की ढगाच्या घड्या काळ्या पडतात आणि गिरणीच्या चिमणीचा धूर वाटतो. टोले वाढवले की रेंडरचा, म्हणजे संगणकाने चित्र तयार करण्याचा, वेळ वाढतो. यावर फुकटचा उपाय नाही, चलाख्या आहेत. सावलीच्या भागात हलकासा खोटा उजेड मिसळणं ही त्यातली सगळ्यात जुनी.

आणि माप! मनोरा चाळीस-पन्नास मीटर उंच असेल तर त्याच्या पायथ्याशी फुगणारा ढग सावकाश फुगला पाहिजे. खेळण्यातले मनोरे बांधून चित्रीकरण करायचे त्या काळातले लोक हे पक्कं जाणून होते. प्रतिकृती सोळाव्या हिश्शाची असेल तर कॅमेरा सोळाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे चौपट वेगाने चालवायचा. सेकंदाला ९६ फ्रेम, मग पडद्यावर सगळं जड आणि भव्य वाटतं. संगणकात कोणी घाईत दोन मीटरच्या खोक्यात ढग करतो आणि नंतर ताणून मोठा करतो. तो ढग मग उदबत्तीसारखा भुरभुर पळतो, त्याला कितीही रंगवा. दृश्याचं माप पहिल्यापासून खरं ठेवणं हा एवढाच मार्ग.

खर्च किती, तेही सांगतो. ढगाची जागा लहान लहान घनांत वाटतात. प्रत्येक बाजूला ५०० घन धरले तर एकूण साडेबारा कोटी. प्रत्येक घनात घनता, तापमान आणि वेगाचे तीन आकडे, असे पाच. आकड्याला ४ बाइट. एका फ्रेमचे झाले अडीच गीगाबाइट, दहा सेकंदांच्या २४० फ्रेमचे ६०० गीगाबाइट. बारकावा दुप्पट हवा म्हणालात तर हे आठपट. बरं, यातले बहुतेक घन रिकाम्या हवेचे असतात. २०१२ मध्ये ड्रीमवर्क्स ॲनिमेशनने ओपनव्हीडीबी नावाची रचना सगळ्यांसाठी खुली केली. ती रिकाम्या जागेचे आकडे साठवतच नाही. आज आम्ही सगळे तीच वापरतो, आणि तरीही माझी डिस्क नेहमी भरलेलीच असते.

प्रकाश कसा ठेवायचा हा आणखी एक वादाचा विषय. रॉकेलचं किंवा घन इंधनाचं इंजिन असेल तर ज्वाळेचा गाभा नारिंगी रंगवू नका. त्याला खऱ्या प्रमाणात प्रचंड उजेड द्या आणि कॅमेऱ्याला दिपू द्या. गाभा पांढराफट्ट जळून जाईल, रंग फक्त कडेला उरेल, आणि डोळा लगेच विश्वास ठेवेल. खऱ्या कॅमेऱ्यांनाही या उजेडाने नेहमीच हरवलेलं आहे. ज्वाळेचं बघावं तर बाकी सगळं अंधारात, मनोऱ्याचं बघावं तर ज्वाळा कोरी. नासाने यासाठी वेगवेगळा उजेड एकाच वेळी टिपणारा एक वेगवान कॅमेरा बनवला आणि २८ जून २०१६ ला यूटा राज्यात एसएलएसच्या घन बूस्टरच्या चाचणीला लावला. आधी त्याचा आपोआप चालू करणारा टायमर बिघडला, हाताने चालू करावा लागला. पुढे बूस्टरने जमीन इतकी हादरवली की कॅमेऱ्याची विजेची तारच निघून आली. पण मधल्या वेळात जे टिपलं गेलं त्यात ज्वाळेच्या कडेचे भोवरे असे काही सुटे सुटे दिसतात, की आमच्यासारख्यांसाठी तो खजिनाच आहे. नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी तीच चित्रफीत दाखवतो.

आरएस-२५ च्या दुपारच्या चाचणीत याच्या उलट अडचण. ज्वाळा उन्हापुढे फिकी. तिथे उजेडाचा मोह आवरून मणी तेवढे चमकवायचे आणि बाकी काम तापलेल्या हवेच्या थरथरीवर सोडायचं. डांबरी रस्त्यावर मे महिन्यात दूरचा ट्रक कसा पाण्यात असल्यासारखा दिसतो, तशी थरथर फवाऱ्याच्या मागच्या लोखंडाला द्यायची.

आवाज माझ्या खात्यात येत नाही, पण भांडण मात्र मी केलं. आमचा कॅमेरा मनोऱ्यापासून एक किलोमीटरवर ठेवलेला होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ज्वाळा दिसल्यावर तीन सेकंद शांतता हवी. मग कॅमेरा हादरायला हवा. दहा सेकंदांच्या शॉटमधले तीन सेकंद मुके ठेवायला दिग्दर्शक तयार होईनात. "लोकांना वाटेल टीव्ही बिघडला," असं त्यांचं म्हणणं. आवाज पहिल्याच फ्रेमला आला. हादरा मात्र मी तीन सेकंदांनीच ठेवला, आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही.

बंद होण्याचे शेवटचे दीड सेकंद राहिले. आधी ऑक्सिजन तुटतो, हायड्रोजन क्षणभर उरतो, कारण उलटं झालं तर इंजिन स्वतःलाच जाळेल. मणी वरच्या बाजूला सरकत सरकत नॉझलच्या तोंडाशी येतात आणि विझतात. ओठाशी एक तांबूस जीभ लवलवते, एखाद्या खऱ्याखुऱ्या होळीसारखी. मग ढग एका बाजूने वाऱ्यावर झुकायला लागतो आणि लोखंडावरून पाणी ठिबकू लागतं. ती जीभ करायला मी माझी जुनी, परत आलेली ज्वाळा काढली, पाव आकाराची केली आणि वीस फ्रेमसाठी तिथे बसवली.